पार्सल कुणाचं, नोंद कुणासाठी

परदेशात टपालाने पार्सल पाठवणाऱ्याला आज जो मनस्ताप होतो, तो चाळीस वर्षांपूर्वी होत नव्हता. पार्सलं तेव्हा लवकर पोचत होती म्हणून नव्हे. बोटीने पाठवलेला डबा दोन-तीन महिन्यांनी पोचायचा आणि हा उशीर आहे असं कुणाला वाटायचंही नाही. पावती खणात जायची. कधीतरी एरोग्राम यायचं, त्यात हवापाण्याच्या गोष्टींच्या मधे 'मसाला मिळाला, डबा थोडा चेपला होता' असं एक वाक्य असायचं आणि विषय संपायचा. मधल्या काळात डबा कुठल्या बंदरात होता हे ठाऊक नसणं हीच रीत होती.

आता पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो आणि तिथून त्रास सुरू होतो. दिवाळीच्या महिनाभर आधी सांगलीची आई सिएटलच्या लेकीसाठी चकल्या, अनारसे, मेतकूट, भाजणी भरून पार्सल टाकते, क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवते आणि दोन खंडांत दोन माणसं एकच पान उघडून बसतात. पहिले काही दिवस नोंदी पटापट पडतात: बुक झालं, बॅगेत भरलं, बॅग रवाना झाली, मुंबईत मिळाली, मुंबईहून निघाली. मग काहीच नाही. आठवडा जातो, दुसरा जातो, शेवटची नोंद मुंबईचीच. आई पोस्टात जाते.

"साहेब, हे बघा ना, मुंबईतच अडकलंय."

"अडकलं नाही काकू, गेलंय. इथून गेलेलं दिसतंय."

"मग आहे कुठे?"

"पुढचं आमच्या सिस्टिमला दिसत नाही. लेकीला तिकडच्या साइटवर बघायला सांगा."

लेक तिकडच्या साइटवर बघते. तिथेही शेवटचं नाव मुंबईचं.

हा संवाद कुठल्याही तालुक्याच्या पोस्टात ऐकायला मिळेल. त्यावरून आपण काढतो तो निष्कर्षही ठरलेला आहे: पोस्टवाले कामचुकार, सरकारी खातं, दुसरं काय होणार. मला हा निष्कर्ष आळशीपणाचा वाटतो. खिडकीमागचा माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरोखरच दिसत नाही. प्रश्न असा आहे की दिसायला हवं तरी कुणाला? पार्सलच्या या नोंदी मुळात पाठवणाऱ्यासाठी जन्मालाच आल्या नाहीत. दोन देशांच्या टपाल खात्यांनी एकमेकांचा हिशेब आणि एकमेकांची जबाबदारी ठरवण्यासाठी त्या ठेवलेल्या आहेत. पुढे त्यांचा एक तुकडा ग्राहकाला दाखवायला सुरुवात झाली आणि त्याचं नाव ट्रॅकिंग पडलं. इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार ही आहे की तो तुकडा आपल्या हातात देताना उत्तर देण्याचं काम खात्यांनी अलगद बाजूला ठेवलं. पाळत आपण ठेवायची, शंका आपण काढायची, दोन देशांच्या साइटी आपणच ताडून बघायच्या. पूर्वी खात्याचं असलेलं काम आज आईच्या मोबाइलवर आलं आहे, आणि त्याला सुविधा म्हणतात.

मधली ती शांतता कशी तयार होते हे समजून घेतलं तर हा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. तेरा अक्षरांचा क्रमांक हे युनिव्हर्सल पोस्टल युनियनचं मानक आहे. ही संघटना १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कराराने स्थापन झाली, भारत १८७६ साली तिचा सदस्य झाला आणि आज १९२ देश तिच्यात आहेत. क्रमांकात आधी दोन रोमन अक्षरं, मग आठ अंक, त्या आठांवरून गणिताने काढलेला नववा अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर ई असेल तर ते ईएमएस, म्हणजे आपलं परदेशी स्पीड पोस्ट. आर म्हणजे रजिस्टर. सी म्हणजे पार्सल. रचना सुबक आहे. कुठल्याही देशातला कारकून हा क्रमांक वाचू शकतो, एखादा अंक चुकला तर नववा अंक ती चूक पकडतो.

पण सांगलीहून निघालेलं पार्सल या क्रमांकाच्या आधाराने फक्त मुंबईपर्यंतच जातं. मुंबईत परदेशी टपालाची देवघेव करणारी कार्यालयं आहेत. बॅलार्ड इस्टेटमधलं विदेश डाक भवन त्यातलं जुनं आणि प्रसिद्ध. तिथल्या टप्प्यावर कस्टम्सची तपासणी होते आणि पार्सल बॅगेत बंद होतं. त्या बॅगेला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, एकोणतीस अक्षरांचा. कुठल्या कार्यालयाकडून कुठल्या कार्यालयाकडे, कुठल्या प्रकारचं टपाल, कुठलं वर्ष, कितवी पाठवणी, त्यातली कितवी बॅग, वजन किती, हे सगळं त्यात भरलेलं. (शहराचं नाव बदलून तीस वर्षं झाली, तरी टपालाच्या या सांकेतिक लिपीत मुंबई अजून 'बीओएम'च आहे.) इथून पुढे विमान कंपनीला दिसते ती बॅग. तिच्या पोटातल्या डब्याशी कंपनीला देणंघेणं नाही. परदेशातल्या कार्यालयात बॅग उघडून डबा पुन्हा एकेकटा स्कॅन होईपर्यंत त्या डब्याची स्वतंत्र नोंद होऊच शकत नाही. वऱ्हाडाची बस नाशिकहून निघाली एवढं फोनवर कळतं; मागच्या सीटवर मामा बसलेत की नाही ते बस दारात येऊन माणसं उतरेपर्यंत कळत नाही, तसंच.

बस तरी वेळेवर निघते. बॅग निघेलच असं नाही. टपाल बहुतेक वेळा प्रवासी विमानांच्या पोटातून जातं आणि तिथे जागेसाठी त्याची शर्यत प्रवाशांच्या सामानाशी आणि व्यापारी मालाशी असते. जागा संपली की बॅग पुढच्या विमानासाठी थांबते. ही सगळी व्यवस्था प्रवाशांवर किती अवलंबून आहे ते २३ मार्च २०२० रोजी दिसलं. त्या दिवसापासून भारताने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली आणि परदेशी टपालाचा मोठा भाग त्याबरोबर थांबला. माणसं प्रवास करेनाशी झाली म्हणून लोणच्याची बरणी अडकली, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तर मुंबईनंतरची शांतता ही बहुतेक वेळा बॅगेची शांतता असते. आता मुद्दा असा की बॅगेबद्दलची माहिती कुणाकडेच नसते असं अजिबात नाही. बॅगेत कुठकुठले क्रमांक आहेत याची यादी एक टपाल खातं दुसऱ्याला आधीच संगणकावरून पाठवतं. बॅग विमान कंपनीकडे दिली, कंपनीने ती घेतली, पलीकडे उतरवून दिली, याचे संदेश खातं आणि कंपनी यांच्यात जातात. तिकडे पोचल्यावर विदेशी कार्यालयात आगमन, कस्टम्सकडे सादर, कस्टम्सने रोखलं, कस्टम्सने सोडलं, वाटपाच्या कार्यालयात पोचलं, वाटपाचा प्रयत्न फसला, वाटप झालं, अशा प्रत्येक टप्प्याला ठरलेला संकेत आहे. ईएमएसमध्ये तर वाटप करणाऱ्या देशाला मिळणारा मोबदला त्याने वाटप आणि नोंदी किती वेळेवर केल्या यावरही ठरतो. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात बोलकं वाटतं. जिथे नोंदीवर खात्याचे पैसे अडकलेले आहेत, तिथे नोंद होते. जिथे फक्त सांगलीच्या काकूंचा जीव अडकलेला आहे, तिथे ती होईलच असं नाही.

याहून मोठा पुरावा अमेरिकेच्या कायद्यात आहे. परदेशी टपालातून फेंटानिलसारखी घातक रसायनं देशात येतात म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'स्टॉप ॲक्ट' केला. बाहेरून येणाऱ्या मालाच्या प्रत्येक पाकिटाची माहिती, म्हणजे पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय आहे, वजन किती, किंमत किती, ही पाकीट पोचण्याआधी संगणकावरून आली पाहिजे आणि २०२०च्या अखेरपर्यंत हे शंभर टक्के झालं पाहिजे, असं त्याने ठरवलं. युरोपीय संघानेही मार्च २०२१ पासून टपालाच्या मालासाठी तशीच आगाऊ माहिती मागायला सुरुवात केली. पूर्वी हिरवट चिठ्ठीवर पेनाने 'गिफ्ट' असं लिहून भागत असे. आता खिडकीवर कस्टम्सचा सीएन २२ किंवा सीएन २३ नमुना संगणकात भरावा लागतो आणि 'खाऊ' म्हणून चालत नाही, चकली किती ग्रॅम, लाडू किती ग्रॅम हे लिहावं लागतं.

म्हणजे बघा, आईचं पार्सल अजून मुंबईच्या वाटेवर असतं तेव्हा त्यातल्या मेतकुटाची वर्दी अमेरिकेत पोचायला लागलेली असते. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या साइटवर 'ओरिजिन पोस्ट इज प्रिपेअरिंग शिपमेंट' अशी ओळ दिसते, ती याच वर्दीची खूण. लेकीला वाटतं, आपलं पोस्ट अजून पॅकिंगच करतंय की काय! अर्थ इतकाच असतो की कागद पोचले, डबा नाही. जगभरच्या टपाल खात्यांना दोन-अडीच वर्षांत ही यंत्रणा उभारावी लागली आणि गरीब देशांच्या खात्यांनीही ती धडपडत उभारली, कारण समोर सरकार होतं आणि माल परत पाठवण्याची धमकी होती. तेव्हा तंत्रज्ञान नाही, पैसा नाही, समन्वय नाही ही कारणं मला कुणी सांगू नयेत. सरकारला माहिती हवी होती तेव्हा ती समुद्र ओलांडून विमानाआधी पोचली. पाठवणाऱ्याला ती मिळावी अशी सक्ती मात्र कोणत्याही देशाने केलेली मला दिसत नाही.

कस्टम्सच्या दारातलं मौन तर याहून दाट. 'हेल्ड बाय कस्टम्स' एवढी ओळ दिसते. का रोखलं, कशासाठी, कोणता कागद हवा, कुणाला द्यायचा, काही नाही. वास्तविक नियम समजण्यासारखे असतात, कधी तर मजेशीरही. खाद्यपदार्थ अमेरिकेत येण्याआधी त्यांच्या अन्न प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. हा २००२च्या जैविक दहशतवादविरोधी कायद्याचा भाग आहे. पण एखाद्या व्यक्तीने आपल्या घरी केलेला पदार्थ व्यक्तिगत भेट म्हणून पाठवला तर त्याला सूट आहे. म्हणजे आईने तळलेल्या चकलीला सूट. तीच चकली कोपऱ्यावरच्या दुकानातून, छापील पिशवीतली घेतली तर नाही. ऑस्ट्रेलिया बियाणं, दुधाचे पदार्थ, वनस्पतिजन्य वस्तू यांच्याबाबत फारच कडक. हा फरक खिडकीवर दोन मिनिटांत सांगता येण्यासारखा आहे. तो सांगितला जात नाही, आणि मग पार्सल अडलं की त्याची शिक्षा म्हणून एक इंग्रजी ओळ वाचायला मिळते.

२०२५च्या दिवाळीत हे सगळं एकदम अंगावर आलं. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत शुल्क नव्हतं. ती सूट २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी काढून टाकण्याचा आदेश जुलैच्या अखेरीस निघाला. शुल्क गोळा कुणी करायचं, कसं भरायचं, हेच स्पष्ट नव्हतं. विमान कंपन्यांनी माल घ्यायला नकार दिला. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारा बहुतेक माल थांबवला आणि थोड्याच दिवसांत पत्रं, कागदपत्रं, शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांचंही बुकिंग बंद केलं. हे एकट्या भारताचं नव्हतं: ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घसरलं, असं युनिव्हर्सल पोस्टल युनियनने जाहीर केलं. आपल्याकडची सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तीही जाहीर किमतीच्या पन्नास टक्के शुल्क इथेच आधी भरून घेऊन. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्या वर्षी फराळाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

या प्रसंगात खात्याची चूक कुठे आहे ते नेमकं पाहिलं पाहिजे. शुल्क खात्याने लावलं नव्हतं, विमानं खात्याने अडवली नव्हती. जी पार्सलं आधी बुक झाली पण जाऊ शकली नाहीत, त्यांचं टपाल शुल्क परत मागता येईल असंही खात्याने जाहीर केलं होतं. ही घोषणा पत्रकातून झाली, वर्तमानपत्रांत छापून आली. पण अशा वेळी एका पार्सलचा क्रमांक टाकला तर शेवटची नोंद जिथे असते तिथेच राहते. ज्याच्या हातात तो क्रमांक आहे, ज्याचा मोबाइल नंबर खात्याने बुकिंगच्या वेळी आवर्जून घेतला आहे, त्याला 'तुमचं पार्सल अमुक कारणाने थांबलंय, पैसे परत हवे असतील तर या' असा दोन ओळींचा मराठी संदेश पाठवणं ही गोष्ट कुणाला अवघड आहे? माहिती प्रत्येकासाठी जाहीर करून टाकली की ती कुणा एकाला सांगायची गरज उरत नाही, असा सरकारी खात्यांचा समज असतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं: मग कुरिअरने पाठवा. खाजगी कंपन्यांचं ट्रॅकिंग चांगलं असतं हे खरंच आहे, आणि त्याचं कारणही सरळ आहे. फेडेक्सने १९७९ साली 'कॉसमॉस' ही संगणक व्यवस्था सुरू केली, आणि पार्सलबद्दलची माहिती पार्सलइतकीच महत्त्वाची असते हा कंपनीच्या संस्थापकाचा, फ्रेडरिक स्मिथ यांचा आग्रह होता. १९९४ साली ती माहिती ग्राहकाला वेबसाइटवर दिसू लागली. पण मुंबईपासून मेम्फिसपर्यंत विमान त्यांचं, गोदाम त्यांचं, कस्टम्सचं काम पाहणारी माणसं त्यांची. एकाच घरातला निरोप पोचवायला वेळ लागत नाही. टपालात घरं दोन, आणि दोन्ही सार्वभौम. मुंबईचा अधिकारी शिकागोच्या अधिकाऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. त्यामुळे टपालाने कुरिअरसारखं दिसावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

आणि कुरिअर हा सगळ्यांसाठी पर्याय नाही. मोठ्या कंपन्यांचा दर आणि टपालाचा दर यांतलं अंतर दोन किलोचा डबा पाठवणाऱ्या निवृत्त शिक्षकाला चांगलंच कळतं. शिवाय टपालाची गोष्ट केवळ फराळाची राहिलेली नाही. २०२२ पासून सरकारने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली, देशभर ती हजाराच्या वर आहेत, आणि गावातल्या कारागिराने पोस्टातूनच परदेशी ग्राहकाला माल पाठवावा अशी ती कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण कोल्हापुरातून चपलांचा जोड जर्मनीला पाठवणाऱ्या माणसासाठी हरवलेली नोंद म्हणजे हुरहूर नसते, रोख नुकसान असतं. ग्राहक 'मिळालं नाही' म्हणतो, ऑनलाइन बाजार वाटपाचा पुरावा मागतो, पुरावा नसला की पैसे परत जातात. चपलाही गेल्या, पैसेही गेले. निर्यात वाढवा म्हणणाऱ्या सरकारने त्याच्या हातात ही अर्धवट नोंद ठेवणं बरं नाही.

दुसरा उपाय सांगितला जातो तो जास्त स्कॅनिंगचा. प्रत्येक बॅगेत चिप बसवा, नकाशावर ठिपका हलताना दाखवा. वडापाव घेऊन येणारा मुलगा कुठल्या सिग्नलला थांबलाय ते दिसतं, मग पार्सल का दिसू नये? मला या उपायाचं फारसं प्रेम नाही. वडापाववाल्याला फोन करता येतो. नकाशामागे एक माणूस आहे आणि तो 'दोन मिनिटांत आलोच' म्हणतो, म्हणून तो ठिपका उपयोगाचा. न्यूयॉर्कच्या गोदामात दहा दिवस न हलणारा ठिपका पाहून आईला नेमकं काय मिळणार? तिला जास्त माहिती हवी आहे असं मला वाटत नाही. तिला कुणीतरी जबाबदार हवं आहे.

आपल्या जुन्या रजिस्टर ए.डी.ची आठवण इथे उपयोगी पडते. तिच्यात मधल्या प्रवासाचा एकही ठिपका नव्हता. शेवटी एक कार्ड परत यायचं, त्यावर घेणाऱ्याची सही असायची, आणि ती सही कोर्टातही चालायची. खात्याने एकच गोष्ट सांगितली, पण ती स्वतःच्या अंगावर घेऊन सांगितली. आजच्या पंधरा नोंदींपैकी एकही कुणाच्या अंगावर नाही.

याचं मूळ कायद्यात आहे. १८९८च्या भारतीय टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने टपाल हरवणं, चुकीच्या ठिकाणी जाणं, उशीर होणं, खराब होणं यांच्या जबाबदारीतून सरकारला जवळपास मोकळं केलं होतं. वसाहतीच्या काळातला कायदा, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. फाळणीनंतरच्या वर्षांत एका भारतीय व्यापाऱ्याने पाकिस्तानातल्या ग्राहकांना व्ही.पी.ने माल पाठवला, माल गेला, पैसे सीमेपलीकडे अडकले, आणि त्याने भारत सरकारवर दावा लावला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८०च्या सुमारास निकाल लागला: टपाल खातं हे मालवाहू कंपनी नाही, पाठवणाऱ्याचा एजंटही नाही, ती कायद्याने चालणारी सार्वजनिक सेवा आहे आणि तिची जबाबदारी कायदा सांगेल तेवढीच. व्यापाऱ्याच्या हाती काही आलं नाही. मग १८९८चा कायदा जाऊन २०२३चा नवा टपाल कायदा आला, जून २०२४ मध्ये लागू झाला. वसाहतीचं ओझं उतरवल्याचा गाजावाजाही झाला. पण त्याच्या दहाव्या कलमातही नियमांनी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी खात्यावर आहे. ओझं उतरलं ते कुणाचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि गंमत अशी की आंतरराष्ट्रीय करार मात्र पाठवणाऱ्याच्या बाजूने स्वच्छ बोलतो. टपालातली वस्तू हक्काच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत ती पाठवणाऱ्याच्या मालकीची राहते, असं युनिव्हर्सल पोस्टल युनियनचा करार सांगतो. ती कायद्याने जप्त झाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे ते पार्सल मुंबईच्या बॅगेत असो, विमानात असो, न्यूयॉर्कच्या कस्टम्सच्या फळीवर असो, तिथेही ते सांगलीच्या काकूंचं आहे. मालकाला आपली वस्तू कुठे आहे हे विचारण्याचा अधिकार असतो. ज्याच्या ताब्यात ती दिली त्याने उत्तर द्यायचं असतं. 'तिकडच्या साइटवर बघा' हे ते उत्तर नव्हे.

खात्याकडून मागायचं ते हेच. बुकिंगच्या वेळीच खिडकीवर सांगावं, आणि पावतीवर मराठीत छापावं, की या देशाला या सेवेने पाठवलं तर नोंदी कुठपर्यंत दिसतील आणि कुठून पुढे दिसणार नाहीत. मुंबईनंतर दहा दिवस शांतता हे नेहमीचं आहे एवढं आधी कळलं तरी निम्म्या फेऱ्या वाचतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौकशीची सुरुवात आपण करायची ही रीत उलटी झाली पाहिजे. बॅग गेली आणि ठरावीक दिवसांत पलीकडे आगमनाची नोंद झाली नाही, हे संगणकाला माणसाच्या आधी कळतं. मग त्याच संगणकाने पलीकडच्या खात्याला आपोआप विचारणा पाठवावी आणि त्याची प्रत पाठवणाऱ्याला द्यावी. विचारणा करण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहेच, ती वापरायची की नाही हे फक्त इथल्या खात्याच्या मनावर आहे. पलीकडून आलेलं उत्तर जसंच्या तसं मालकाला दाखवावं, मग ते 'सापडत नाही' असं का असेना. हरवलं हे सांगणारं खातं मला परवडेल. दिसत नाही म्हणून हात वर करणारं नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांची पार्सलं अडकली आहेत त्यांनी रोज पान उघडून बघण्यात वेळ घालवू नये. पावती जपून ठेवा, तिचा फोटो काढून ठेवा, कस्टम्सच्या नमुन्याची प्रतही ठेवा. दोन-तीन आठवडे नोंद हलली नाही तर जिथून पाठवलं त्या पोस्टात लेखी चौकशी द्या. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याला सीएन ०८ म्हणतात, आणि खिडकीवर तो नसेल तर पोस्टमास्तरांना नाव घेऊन मागा. तिकडून लेकीने फोन करून उपयोग होत नाही, तिलाही सहसा पाठवणाऱ्याकडेच परत धाडतात. चौकशीला पैसे पडत नाहीत. तिची मुदत पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने आहे, आणि ती उलटून गेली की चौकशी स्वीकारण्याचं बंधन दोन्ही देशांपैकी कुणावरच उरत नाही.